विम्याचं बोलणं घराबाहेर

आई,

आज संध्याकाळी आम्ही तिघं इथे परदेशात, ल्यूकनच्या आमच्या घरासमोर गाडीत बसलो होतो आणि गाडी कुठेच जायची नव्हती. नवऱ्याचं ऑफिस वर्षातून एकदा विचारतं, पुढच्या वर्षी आरोग्य विम्यात काय काय हवं. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं, मग वर्षभर बदल नाही. आता हे ठरवायचं म्हणजे कोणाला काय काय होऊ शकतं ते एकेक करून उच्चारायला हवं, आणि तुझ्या शिकवणीप्रमाणे वास्तू सदा तथास्तु म्हणत असते. मी कारखान्यात हृदयात बसवायच्या नळ्या तपासते. बंद पडलेल्या हृदयांबद्दल तिथे सँडविच खात खात बोलते. घरात मात्र जीभ उचलत नाही. त्यात गेले काही आठवडे जिना चढताना माझ्याच छातीत दुखतंय, आणि हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

तुझ्या स्वयंपाकघरात तांदळाचा डबा खडखडला तरी "तांदूळ उदंड झालेत" म्हणायचीस, आणि बाबा मुकाट्याने पिशवी घेऊन निघायचे. एकदा विमा एजंट आला होता. त्याचे पोहे खाऊन होतात, चहा हातात येतो आणि तो म्हणतो, "वहिनी, उद्या साहेबांचं काही बरंवाईट झालं तर..." तू त्याच्या हातातली कपबशी काढून घेतेस, त्याची खुर्ची उचलतेस आणि बाहेर जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवतेस. "हं, आता बोला." अख्खी पॉलिसी त्याने तिथे समजावली. वरच्या मजल्यावरची माणसं त्याला ओलांडून जात होती. सही करायला बाबांनाही तू बाहेर पिटाळलंस. विम्याला तुझी ना नव्हतीच, ना होती ती जागेला.

म्हणून गाडी. नवरा मोबाइलवर वाचत होता, लेक मागे हेडफोन लावून. "धिस इज सो मॅड, लाइक," एवढंच ती म्हणाली होती.

"हार्टचं जादा कव्हर सोडून देऊ," नवरा म्हणाला. "आपल्याकडे कोणाला तसलं काही नाही. त्यापेक्षा दातांचं घेऊ."

त्याला कुठून कळणार? तू पित्ताने गेलीस असंच आपल्याकडे अजून सगळे म्हणतात. ते पित्त नव्हतं, आई. तू कोणाला काही बोलली नाहीस, याचा मला अजून राग येतो.

"दातांचं नको," मी म्हटलं. "जिना चढताना छातीत दुखतं माझ्या."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि आत्ता सांगतेस?"

"आत्तापर्यंत घरातच होते ना!"

तेवढ्यात काचेवर टकटक. समोरचे आजोबा, काखेत शिडी घेऊन. आमची किल्ली आत राहिली असं समजून माडीच्या खिडकीतून शिरायची सोय करायला आले होते. "नो नो, वी आर ग्रँड, जस्ट टॉकिंग," नवरा म्हणाला (इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक), पण त्याचा आवाज चिरकला. आजोबांनी आमची तोंडं पाहिली, भांडण चाललंय असं धरलं आणि "टेक युअर टाइम, लव्ह," म्हणत शिडी भिंतीला टेकवून निघून गेले.

मग मागून आवाज आला, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मराठीत. "आई, तू डॉक्टरकडे जाणार ना?"

मला हसू आलं आणि रडूही. नवऱ्याने फोन खिशात टाकला. "विमा गेला खड्ड्यात. उद्या सकाळी आधी डॉक्टर." थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "हार्टचंही घेऊ. दातांचंही घेऊ."

आता दोघं कुकर लावताहेत. शिट्ट्या किती यावरून वाद चाललाय आणि मला उठायची बंदी आहे, म्हणून टेबलाशी बसून हे लिहिते आहे. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. गाडीत मी दुखतं एवढंच सांगितलं. भीती वाटते हे त्या दोघांना नाही सांगितलं. मला फार भीती वाटते, आई. घरात बसून म्हणते आहे.