शेरा: स्वावलंबी

३ फेब्रुवारी
उद्या पालिकेची माणसं येणार. ज्यांच्या घरी सिस्टर येतात त्या सगळ्या पेशंटची पडताळणी चाललीय म्हणे. सुनंदा सिस्टर आज आत्याच्या पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग करताना म्हणाल्या, "काही नाही गं तनुजा, नुसतं बघून जातील." तरी बाबांनी संध्याकाळी पंखे पुसले. गॅलरीतली बादली, पॅडची पुडकी, लघवीच्या पिशव्या, सगळं माझ्या खोलीत. आत्याला गाऊनमध्ये राहायचं नाहीये. "परक्या माणसांसमोर गाऊन? काहीतरीच." नऊवार नाही तर निदान साधी सुती साडी, हिरवी. आणि कॉटवर नको, खुर्चीत बसायचंय.
मी म्हटलं, पाठीला लागेल. म्हणाली, "किती वेळ लागणारेय. बसेन तेवढं."

४ फेब्रुवारी
आले. एक बाई, एक मुलगा टॅब घेऊन. दोघंही चांगले होते बोलायला. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मला ते वाईट वाटायला लागतील.
सकाळी लवकर उठून आत्याला न्हाऊ घातलं. बाबांनी पाठीमागे उश्या लावल्या, लुळा डावा हात पदराखाली घेतला. वेणी मी घातली. तीन वर्षांत आत्या पहिल्यांदा खुर्चीत.
बाईंनी विचारलं, "आजी, स्वतःच्या हातानी जेवता का?"
"म्हणजे काय. भरवायला मी काय कुकुलं बाळ आहे?"
"उठता-बसता?"
"तुमच्यासमोर बसलेच आहे की."
मी तोंड उघडलं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. आत्याला रोज मी भरवते. आत्या उठत नाही, आम्ही दोघं उचलतो. पण ती हसत होती, बाईंना गाव विचारत होती, आणि मला सांगत होती, "बाय, पोहे आण, यांचा नाश्ता झाला नसेल." तिच्या तोंडावर तिला खोटं पाडायचं मला जमलं नाही. मुलगा म्हणाला, "आजी एकदम फिट आहे हां." फोटो काढला. पोहे खाल्ले, गेले.
दार लावल्यावर आत्या एका बाजूला कलंडली. साडी पाठीला चिकटली होती. सोडवताना तिनी आवाज केला नाही, माझं मनगट धरून ठेवलं फक्त. हिरव्या साडीवर डाग.
बाबा म्हणाले, "पण हसली बघ आज."

१३ फेब्रु.
सिस्टर मंगळवारी आल्या नाहीत. आज शुक्रवार, आजही नाही. फोन लावला तर उचलला नाही, मग त्यांचाच आला, हळू आवाजात. "तुमचं नाव निघालं गं यादीतून. शेरा आहे, स्वावलंबी."
मी म्हटलं, तुम्ही तर बघताय ना आत्याला, दर आठवड्याला बघताय.
"मी बघून काय. मला विचारलं नाही कोणी. आमच्यातल्या बऱ्याच जणींची कंत्राटं संपली, नवीन घेत नाहीयेत. मग नावं कमी करायची नाहीतर काय करायचं. हे मी बोलले नाही हां."
नाही बोलल्या.

१६ फेब्रु.
ऑफिसमधून अर्धी रजा. आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर बाई समजून घेणाऱ्या. म्हणाल्या, शेरा आमचा नाही, मुख्य कार्यालयाकडून आला. मुख्य कार्यालयात गेले. तिथे टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हमारे पास तो वॉर्ड से आता है." वॉर्डात जेवणाची सुट्टी होती. सुट्टी संपल्यावर सांगितलं, ॲपवर तक्रार टाका, सिस्टमनी होतं आता सगळं.
टाकली. शब्द मोजून, कोणावर आरोप नाही, जे आहे तेवढं.

१९ फेब्रु.
ॲपवर उत्तर आलं. 'तक्रार निकाली काढण्यात आली.' खाली पुरावा म्हणून फोटो. आत्या खुर्चीत, हिरवी साडी, हसतेय.
बाबांना दाखवला. त्यांनी बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाले, "हा मला पाठव. आजारपणानंतरचा ताईचा चांगला फोटोच नाही आपल्याकडे."
पाठवला.

२२ फेब्रु.
ड्रेसिंग आता मी करते. सिस्टर करायच्या ते बघून बघून आठवतंय तसं. आज मला जखमेत काहीतरी पांढरं दिसलं. ते असायला हवं का नको, माहीत नाही. फोटो काढून सिस्टरना पाठवला. त्यांनी लिहिलं, डॉक्टरांना दाखवायला हवं. डॉक्टरांकडे न्यायचं म्हणजे चौथ्या मजल्यावरून खुर्चीत बांधून उतरवायचं. खासगी नर्सबाईंना विचारलं, रोज परवडणार नाही.
आत्या कुशीवर असली की भिंतीकडे तोंड करून बोलते, म्हणजे मला तिचा चेहरा दिसत नाही. आज म्हणाली, "तुझा हात हलका आहे गं." मी वाकडी लागलेली पट्टी सोडवून परत लावली.
पाचवीपर्यंत मी शाळेत गेले नाही. दमा होता, आई नव्हती. आत्या हीच शाळा. ओट्याशी उभी राहून ती भाजी चिरायची आणि मी खाली पाटावर शुद्धलेखन. खोडरबर मिळायचा नाही. चुकलं की एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं. "चूक दिसू दे. त्यात लाज कसली." मला हे शिकवलं, आणि स्वतःचं मात्र काही म्हणजे काही कोणाला दिसू द्यायचं नाही.

२ मार्च
आठ दिवस लिहिलं नाही. आत्याची लघवीची नळी तुंबली. पोट दगडासारखं, ताप, मला बाबांच्या नावानी हाक मारायला लागली. बाबा नि खालचे पटेलभाई, दोघांनी चादरीत घालून उतरवलं. पालिकेच्या रुग्णालयात खाट मिळेपर्यंत स्ट्रेचरवर, व्हरांड्यात. नळी बदलली, सलाइन, इंजेक्शनं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी नळी बदलायला कोण येतं?" मी म्हटलं, कोणी नाही. "का? पालिकेची सेवा आहे की."
आज घरी आणली. खूप हलकी झालीय उचलायला. हे बरं वाटायला नको होतं, पण उचलताना क्षणभर वाटलं.

९ मार्च
वॉर्ड ऑफिसात जनसुनावणी. आरोग्याचे साहेब समोर. माझा नंबर येईपर्यंत शेजारी उत्तनच्या एक बाई बसल्या होत्या, फिलोमिनाबाई. सासऱ्यांसाठी आल्या होत्या. मला विचारलं, तुझा कोन. सांगितलं. म्हणाल्या, "आमचा सासरा पन पडताळनीनंतर चालाला लागला. कागदावर. घरी न्हाय अजून." आणि हसल्या. मला पण हसू आलं, मग लगेच रडू, ते दाबलं.
साहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये काय आहे त्यावर मला जावं लागतं. रिपोर्ट चुकलाय असं तुमचं म्हणणं आहे का?"
इथे मला फक्त हो म्हणायचं होतं. बाबांनी घरून निघतानाच सांगितलं होतं, रिपोर्ट चुकला म्हण, मोकळी हो. पण पडताळणीला आलेल्या बाईंनी चुकीचं काहीच लिहिलं नव्हतं, जे ऐकलं ते लिहिलं. मी उभी राहिले. म्हटलं, "रिपोर्ट बरोबर लिहिलाय. आत्यानी तसंच सांगितलं. ते खरं नव्हतं."
"म्हणजे तुम्ही शासकीय पडताळणीत खोटी माहिती दिलीत."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला खाली बसावंसं वाटलं.
फिलोमिनाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, म्हातारी मानसं पावन्यासमोर रडतात काय? तुमची आई सांगंल, मी चादरीत मुतते म्हनून? आमचा सासरा तर त्या पोराला म्हनला, चल तुला होडीत फिरवून आनतो. खाटेवरून उतरता येत न्हाय त्याला."
कोणीतरी हसलं. साहेब नाही हसले. पाणी प्यायले.
मग मी विचारलं, आवाज कुठून आला माहीत नाही. "घरी जाणाऱ्या सिस्टर आता किती राहिल्यात?"
"तो विषय आजचा नाही."
"मग कुठल्या दिवशीचा?"
साहेबांनी पुढचा नंबर पुकारला. निघताना कारकुनानी सांगितलं, फेरपडताळणी लावलीय, तारीख कळवू. आणि साहेबांचा निरोप: या वेळी आहे तशी परिस्थिती दाखवा.

१४ मार्च
तारीख आली, १८.
सिस्टरना कळवलं. त्या म्हणाल्या, "ऐक. त्या दिवशी अंघोळ घालू नकोस. पॅड बदलू नकोस. चादर राहू दे. दार उघडल्या उघडल्या वास आला पाहिजे. तसंच करतात सगळे, ज्यांना कळतं ते."
बाबांना सांगितलं. ते ताटावरून उठले नाहीत, पण पुढचा घास घेतला नाही. "माझ्या बहिणीला मी घाणीत ठेवू? कोणाला दाखवायला?" मग हात धुऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत्यानी विचारलं, "सुरेश जेवला का नीट?" मी हो म्हटलं.

१५ मार्च
दिवसभर हेच. आहे तशी परिस्थिती म्हणजे कुठली? आत्या स्वच्छ असते हे खरं आहे. ती स्वच्छ असते कारण बाबा आणि मी उजाडायच्या आत उठतो, हेही खरं आहे. पण दुसरं खरं दिसत नाही, पहिलं दिसतं. स्वच्छ ठेवली तर त्यांना वाटणार हिला कोणाची गरज नाही. घाण ठेवली तर आम्ही तिला तशी ठेवतो, हे खोटं मी दाखवलं. दोन्हीकडून मी खोटीच.
आणि नळी पुन्हा बदलायची वेळ जवळ आलीय. हे बाकी सगळ्याच्या वर.

१६ मार्च
आत्याशी बोलले. बाबा दूध आणायला गेले होते तेव्हा.
"आत्या, ते लोक परत येणारेत. या वेळी सांगशील? की उठता येत नाही म्हणून?"
"दिसत नाही का त्यांना?"
"नाही दिसलं ना मागच्या वेळी."
ती पंख्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माझ्या तोंडून नाही निघणार ते. तू सांग. सगळं सांग, चादरीचं, नळीचं. मी डोळे मिटून पडेन. मी झोपलेय असं समजून सांग."
मी म्हटलं, सिस्टर म्हणतात अंघोळ... वाक्य पुरं केलं नाही. तिनी उजव्या हातानी माझा गाल चाचपला. "कळलं गं बाय. एक दिवसानी काय होतंय."

१७ मार्च
बाबांना तिनीच सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. दार लोटलेलं होतं. बाबा बाहेर आले ते थेट चप्पल घालून खाली गेले, सोसायटीच्या ऑफिसात बसून राहिले.

१८ मार्च
सकाळी अंघोळ नाही. पॅड तसंच. चादर तशीच. जुना गाऊन. दहा ते एकमध्ये येतील असं कळवलं होतं. मी रजा घेतली.
आत्या साडेनऊपासून डोळे मिटून. चहा नको म्हणाली, मध्येच आले तर पंचाईत. एक वाजला. कोणी नाही. वास खोलीभर. खिडकी उघडायला हात गेला, मागे घेतला. तिच्या गालावर माशी बसली ती मी उडवली आणि लगेच वाटलं, उडवायची का नव्हती?
दोन वाजता फोन केला. "फील्डवर हैं मॅडम, आ जाएंगे."
तीन. चार. आत्या हललीसुद्धा नाही. मी म्हटलं, आत्या, पुसून घेऊ का थोडं? डोळे न उघडता म्हणाली, "गेले का?"
"आलेच नाहीत अजून."
"मग थांबू."
ऑफिस सुटायची वेळ झाली तेव्हा बाबांनी पाणी तापवलं. मला काही विचारलं नाही. दोघांनी मिळून धुतलं, चादर बदलली, पाठ कोरडी केली. जखम सकाळपेक्षा लाल. बाबा तिचे पाय टॉवेलनी एकेक बोट वेगळं करून पुसत होते, डोकं खाली. पावडर लावली, खिडक्या उघडल्या.
मग फोन वाजला. तोच टॅबवाला मुलगा. "सॉरी हां ताई, एरिया मोठा आहे, आज झालं नाही. उद्या सकाळी शंभर टक्के."
बाबांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "उद्या?"
मी मान हलवली.
आत्यानी डोळे उघडले. आमच्या दोघांकडे आळीपाळीनी बघितलं. मग बाबांना म्हणाली, "मग मला आज कशाला धुतलंत रे."