पाच नंबरचं बटण

मी, थिओडोरा हॅझलेट, वय सव्वीस, राहणार मिलफोर्ड बेंड, ओहायो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही, असं मात्र मला लिहिता येत नाही.

जूनमधलं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी टीव्ही सगळ्यांच्या नावे केला होता, 'कारण घरातले पाचही जण बेसबॉल पाहतात.' हे खोटं आहे. पाहते मी एकटी.

आमच्या टीव्हीला प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीची पेटी आहे. पाहायला बसणाऱ्याने आपापलं बटण दाबायचं. एक नंबर आजोबांचा, दोन आयलीन आत्याचा, तीन-चार तिच्या मुलांचे, वेड आणि कोरिनचे. पाच माझा. मुलं बटण दाबून खोलीत जातात आणि नंतर फोनवर चांगले फटके तेवढे पाहतात. खेळ चालवणाऱ्यांनी सामने आखूड केले, चेंडू टाकणाऱ्याला घाई व्हावी म्हणून त्याच्यापुढे घड्याळ लावलं, तरी ती परत येऊन बसली नाहीत. आत्या बटण दाबते आणि स्वयंपाकघरात जाते. आजोबा तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचं बटणही तीच दाबते. म्हणते, "सामना आहे आणि बाबा नाहीत, असं कधी झालंय का?" हे सगळं मी रोज पाहिलं आणि गप्प बसले.

१. आजोबांच्या एकेचाळीस स्कोअरवह्या वाचनालयाला द्याव्यात. आईवडिलांमागे त्यांनीच मला वाढवलं. शाळेआधी अक्षरं आणि आकडे मी या वह्यांतून शिकले. न पाहिलेला चेंडू लिहायचा नाही, हा पहिला धडा. लघवीला उठले तरी तेवढी जागा ते कोरी सोडत.

२. माझा ग्लोव्ह कोरिनला. तिला नको असेल. तरी द्यावा.

३. रेडिओ मर्ल काकांना. ते समोर राहतात आणि गावच्या वाहिनीवर आमच्या संघाच्या सामन्यांचं समालोचन करतात. जूनमध्ये मी त्यांना सांगितलं की कंपनीला खरं कळवणार आहे.

"पोरी, कंपनीच्या मोजणीत तुमचं एक घर म्हणजे चार हजार घरं," ते म्हणाले. "तू ही बटणं बंद केलीस की वाहिनी सामने बंद करेल."

"पण खोलीत कोणी नसतं, काका."

"मग आधी मृत्युपत्र करून ठेव."

ते हसले नाहीत. मी मृत्युपत्र केलं, पण कंपनीकडे गेले नाही. तेव्हापासून जेवताना माझं ताट कोणी मांडत नाही.

४. टीव्हीसमोरची माझी खुर्ची कोणाला द्यायची हा प्रश्न उरलेला नाही. ती तळघरात नेली आहे.

गेल्या रविवारी मी दिवसभर बाहेर होते. संध्याकाळी आले तर खोली रिकामी, सामना चालू, पेटीवर पाचही दिवे लागलेले. माझं बटण कोणी दाबलं, असं मी आत्याला विचारलं.

"मीच," पिठाचे हात पुसत ती म्हणाली. "तूही बघत असशीलच."

आमच्या घरात दुसऱ्याचं बटण दाबतात ते फक्त गेलेल्या माणसाचं.

५. माझ्यामागे पाच नंबरचं बटण कोणीही दाबू नये.

साक्षीदार: ऑरिन टकर, निवृत्त पंच; सिल्विया ब्रँट, ग्रंथपाल. मी सही करताना दोघांनी समोर बसून पाहिलं आहे.

सही: थिओडोरा हॅझलेट
मिलफोर्ड बेंड, शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

कंपनीच्या कार्यालयात मी स्वतः जाणार तो दिवस: सोमवार, २९ सप्टेंबर २०२५.