जावईबापूंनी वाखाणलेली कॉफी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तूर्त कागदावरच). तुझी पाठ कशी आहे? मी पाठवलेलं तेल तू लावत नसणार, हे धरूनच चाललो आहे. आम्ही दोघं ठीक आहोत, फक्त तिसऱ्याची तब्येत रोज बिघडते. हे पत्र त्याच्याबद्दलच.

तिसरा म्हणजे कॉफीचं यंत्र. मागच्या खेपेस तू माझ्या बाटलीतल्या पावडरीची कॉफी एक घोट पिऊन उरलेली खिडकीतल्या कुंडीत ओतलीस, आणि त्यानंतर दोन वर्षं फिरकली नाहीस. (झाडही गेलं.) ते मनाला लागलं म्हणून मी एस्प्रेसोचं यंत्र आणलं. घरी आल्यावर कळलं, बिया दळायला वेगळं यंत्र लागतं. म्हणून तेही आणलं. आता ओट्यावर भाजी चिरायला जागा नाही. तुझी भावजय मांडीवर पाट घेऊन चिरते, आणि माझ्याकडे न बघता चिरते, हे जास्त वाईट.

चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेल्या माणसाला अठरा ग्रॅम पूड तोलणं काय अवघड? पण जाड दळली तर पाणी सुसाट निघून जातं, आणि बारीक दळली तर यंत्र नुसतं कण्हतं. शिवाय पाण्याच्या क्षारांनी त्याची नळी चोंदते. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवून ती साफ करावी लागते. परवा मी ते पाणी टाकीत भरलं, 'पिऊ नये' अशी चिठ्ठी लिहिली (जन्माची सवय) आणि डिंक शोधायला आत गेलो. तेवढ्यात जावईबापू आले. ते कॉफीतले दर्दी, घोट तोंडात घोळवल्याशिवाय गिळत नाहीत. हिने कौतुकाने बटण दाबून त्याच पाण्याची कॉफी त्यांच्या हातात दिली. मी डिंक घेऊन बाहेर येतो तो त्यांचे डोळे मिटलेले! मला दरदरून घाम फुटला. डोळे उघडून म्हणाले, "बाबा, काय सुरेख आंबटपणा आहे! उंचावरच्या मळ्यातल्या बिया दिसतात." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी आणखी एक कप मागून घेतला.

ते गेल्यावर आम्ही पोट धरधरून हसलो. मग ही डोळे पुसत म्हणाली, "ताईंनी एका घोटात ओळखलं असतं." खरं तोंडावर सांगणारं माणूस घरात नसलं की करमत नाही, ताई.

दळायचं यंत्रही आता बंद पडलं आहे. आत पूड साठली होती, म्हणून मी ते औषधाच्या खलासारखं नळाखाली धरून स्वच्छ धुतलं. (विजेचं आहे हे धुऊन झाल्यावर आठवलं.)

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. आईची हाताने फिरवायची कॉफीची चक्की तुझ्याकडे आहे. वाटणीच्या वेळी तिच्यावरून मी तुला नाही नाही ते बोललो. चुकलंच माझं. ती आता देशील का?

आणखी एक ता. क. पार्सलने पाठवू नकोस. ती एकाने दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय दुसऱ्याला फिरवता येत नाही. तू धरायचीस, मी फिरवायचो. हिला विचारलं तर म्हणते, "धरायचं काम ताईंचं." तेव्हा चक्की घेऊन तूच ये. कुंडीत नवं रोप लावलं आहे, ते तुझ्या हाताशी ठेवतो.