भावोजींचा डावा बूट

३ सप्टेंबर
गावातला पहिला फुटबॉल क्लब आज निघाला. मीटिंग लाँड्रीच्या मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या चादरींखाली वाकून. कॅप्टन मी. विरोध झाला नाही. कॅप्टन म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत नव्हतं. लीगमध्ये सहा क्लब. माझा अंदाज पहिला नंबर. फार तर दुसरा.
उद्यापासून पहाटे पळणे.

४ सप्टेंबर
पळालो नाही. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

११ सप्टेंबर
भावोजींना सेंटर फॉरवर्ड केलं. पोस्टमन आहेत, दिवसभर चालतात, पाय तयारच. ताई म्हणाली, त्याच पायांवर हे घर चालतं आणि तूही इथंच जेवतोस. भावोजी म्हणाले, जाऊ दे गं, मेव्हण्याचं एक तरी काम तडीस जाऊ दे. शाबासकी की टोमणा, ठरवतोय.

२० सप्टेंबर
०-७. मैदानभर चिखल. त्यांच्या बुटांना खालून चामड्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, आमचे लोक नुसते घसरत होते. म्हणजे खेळात बरोबरी, फक्त पट्ट्यांत मागे.
मोचीकाका आमचे गोलकीपर. अकरा जोडांना पट्ट्या मारा म्हटलं. म्हणाले, घाई नको, खिळा आत येतो, प्रत्येक जोड हात घालून बघावा लागतो. कारागीर लोक काम वाढवून सांगतात.

२६ सप्टेंबर, दुपार
मॅच उद्या. दहा जोड झाले, फक्त भावोजींचा राहिला. काका म्हणतात, सोमवारी. सोमवारी काय पूजा करायची? सुताराकडून हातोडी आणि मूठभर खिळे आणले, घरी कोणी नव्हतं, स्वतःच ठोकले. तासाभराचं काम! खिळे जरा लांब होते. आत हात घालून बघणारच होतो, तेवढ्यात रस्त्याने बँड गेला. मागोमाग पुलापर्यंत गेलो. ट्रंपेट शिकायला हवं.

२७ सप्टेंबर
०-४. तीन गोल कमी खाल्ले! याच वेगाने चौथी मॅच आपण जिंकतो, साधं गणित आहे.
भावोजी शेवटी शेवटी लंगडत होते, तरी पळत राहिले. डावा मोजा टाचेशी लाल. टाचणीएवढं भोक. चिखल धुतला, विषय संपला.
ताईने विचारलं, पट्ट्या कोणी मारल्या? भावोजी म्हणाले, काकांनी, आणखी कोण. मी पाणी पीत होतो. तोंडात पाणी असताना माणूस बोलणार कसा?

३० सप्टेंबर
पाय सुजलाय. तरी टपाल वाटून आले. सूज म्हणजे शरीर आतून लढतंय. चांगली खूण.
ट्रंपेटवाला म्हणाला, तुझे दात पुढे आहेत. ड्रम बघतो.

४ ऑक्टोबर
०-९. सेंटर फॉरवर्ड नव्हता, सबब हा निकाल धरायचा नाही.
भावोजींना सणकून ताप. पाय काळपट. डॉक्टरांनी तडक इस्पितळात हलवलं.
ताई काकांच्या दुकानासमोर उभी राहून नाही नाही ते बोलली. काका म्हणाले, बाई, तुमच्या जोडाला मी हातसुद्धा लावला नाही, विचारा कॅप्टनला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, मला नीट आठवत नाही. अकरा जोडांत कोणाला आठवणार?

६ ऑक्टोबर
पाय कापला. गुडघ्याखाली.
जीव वाचला. जीव वाचणं महत्त्वाचं.

१५ ऑक्टोबर
काकांना क्लबातून काढण्याचा ठराव, लाँड्रीवाल्याचा. मी मत दिलं नाही. कॅप्टनने तटस्थ असावं. काकांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे घड्याळ आहे, ते बघत असतील.
पक्का निश्चय: ताईला खरं सांगणे. उद्या.

१६ ऑक्टोबर
ताई दिवसभर इस्पितळात.

१७ ऑक्टोबर
ताई घरी होती, पण भांडी घासत होती. हात ओले असताना असलं सांगू नये.

२ नोव्हेंबर
भावोजी घरी आले. पोस्टाचं पत्रही आलं, नोकरी गेली. भावोजी म्हणतात, काकांना एकदा घरी घेऊन ये रे, त्या माणसाच्या जिवाला लागलं असेल.
काकांकडे आता कोणी बूट टाकत नाही. आज स्वतःचेच घासत बसले होते. मी पलीकडून गेलो. तिकडे ऊन होतं.

८ नोव्हेंबर
आज सांगायचंच. आधी काकांचे पाय धरायचे, मग त्यांना घेऊनच घरी. बोलायचं सगळं पाठ केलं, आरशासमोर दोनदा. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.
दुकानाला फळ्या. शेजारचा घड्याळजी म्हणाला, काल गेले, बायकोला घेऊन. कुठे ते सांगितलं नाही.
तिथून मॅचला. आम्ही सहा जण. लीगच्या माणसाने थोडा वेळ वाट पाहिली आणि क्लबचं नाव खोडलं.
घरी आलो. भावोजी खिडकीशी बसून नवा पोस्टमन चुकीच्या दारावर थाप मारतो ते बघत होते. ताईने मान वर केली. म्हणाली, तोंड का असं उतरलंय? काय झालं?
मी म्हटलं, हरलो.
ती म्हणाली, मग त्यात नवीन काय? जेवायला बस.
जेवलो.