हाताला मुंग्या

११ ऑगस्ट २००४

स्क्रम आजही कोसळला! आठ जणांनी एकमेकांना घट्ट धरायचं, समोरच्या आठांच्या खांद्यात डोकी घालायची आणि रेटायचं — यात न समजण्यासारखं काय आहे? पण माझी पोरं मुळातली कबड्डीची. अंगावर कोणी आला की बसून त्याचा घोटा धरायचा, हेच हाडात भिनलेलं. ताठ राहतो तो एकटा चंदर. सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मान बघावी! मधोमध त्यालाच ठेवणार.

प्राचार्य म्हणतात, "लांबट चेंडूचा हा रग्बीचा खेळ नाशकात बघतो कोण?" रविवारी पुण्याची टीम येतेय. चांगलं खेळलो तर राज्य संघाच्या प्रशिक्षकपदासाठी माझं नाव जाईल. सहा वर्षं घासतोय. मग बघतील सगळे.

१४ ऑगस्ट

मैदानाच्या वरच्या कडेला तांबड्या मुंग्या निघाल्यात. पावडर मारली, उपयोग शून्य. सराव थांबवायला यांना निमित्तच हवं असतं — सर, मुंग्या! सर, मुंग्या! झटका आणि खेळा म्हटलं. उद्या झेंडावंदन झालं की मॅच.

१५ ऑगस्ट

हरलो. चंदर दवाखान्यात आहे. लिहवत नाही.

१७ ऑगस्ट

लिहितो. इथं तरी खोटं नको.

दुसऱ्या हाफमध्ये स्क्रम कोसळला. चंदर सगळ्यांच्या खाली. पण आपला आपण उठला, चालत कडेला माझ्यापाशी आला. "सर, हाताला मुंग्या आल्यात." माझं लक्ष गुणफलकावर. दहा मिनिटं राहिलेली, फक्त तीन गुण मागे होतो. म्हटलं, "झटक आणि जा!" त्यानं झटकले हात. खरंच झटकले, मी सांगितलं म्हणून. आणि गेला. पुढच्याच स्क्रममध्ये जो पडला तो उठला नाही.

आज डॉक्टर म्हणाले, मानेचा मणका. मग विचारलं, "त्याच्या आधी हातापायाला मुंग्या येतात असं काही बोलला होता का? तेव्हाच आडवा करून ठेवला असता तर..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. प्राचार्य शेजारी उभे होते. मी म्हणालो, "नाही."

मला वाटलं मैदानातल्या मुंग्या! मराठी माणूस ना मी? मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात, हे शेंबडं पोर सांगेल. मला नाही कळलं. की कळून घ्यायचंच नव्हतं?

२ सप्टेंबर

चौकशी समिती थेट दवाखान्यातच आली. तिघे जण. चंदरच्या डोक्याला वजनं लावलेली, त्यामुळे तो फक्त छताकडे बघू शकतो. उशाशी त्याची आई, भागीबाई. समितीने विचारलं, "तू सरांना काही सांगितलं होतंस का?" चंदर छताकडेच बघत बोलला,

"नाय. कायच नाय सांगितलं."

अहवाल लिहिला गेला — अपघात. स्वरदा म्हणाली, "सुटलात हो!" बायकोला तरी काय सांगणार? जेवलो. नेहमीपेक्षा एक पोळी जास्तच गेली. निर्लज्ज!

१३ फेब्रुवारी २००५

चंदरला घरी नेल्यापासून दर रविवारी जीपने जातो. हात थोडे हलतात. कमरेखाली काही नाही. त्याला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पाय दुमडायचे, सरळ करायचे. हे एकट्या बाईचं काम नाही. भागीबाई दर वर्षी द्राक्षांच्या कामाला दिंडोरीला जाते, यंदा गेली नाही. मला नागलीची भाकरी वाढते. शेजारचा सोमा म्हणाला, "मास्तर देवमानूस हाय." मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

चंदर मॅचच्या गप्पा मारतो. नवीन पोरं कशी आहेत, स्क्रम ताठ राहतो का. त्या दिवसाचं नाव काढत नाही. एकदा तरी शिवी दे रे!

२० मार्च

आजही भागीबाईला खरं सांगितलं नाही.

२५ डिसेंबर

पाठीला जखम झाली होती, ती भरली. भागीबाई म्हणाली, "मास्तर, तुमीच उलथापालथा करता म्हनून." मी मान खाली घातली. तिला वाटलं, लाजलो!

४ जून २००६

पुण्याहून पत्र आलं. राज्य संघाचा प्रशिक्षक! दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता म्हणे. तीन महिने तिकडेच शिबिर, मग दौरे. स्वरदाने आळीत पेढे वाटले. म्हणाली, "अहो, दर रविवारी जाऊन पुष्कळ केलंत. आता पुरे."

पत्र चार वेळा वाचलं. आनंद झाला — झाला, खोटं कशाला बोलू? पण जाण्याआधी एकदा सांगून टाकणार. समितीला नाही, तेवढी छाती नाही. त्याच्या आईला. दोन वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरतोय. तिने मारलं तर मार खाईन, पण मोकळा होईन.

११ जून

सांगितलं. चंदर झोपला होता, भागीबाई दारात नागली पाखडत होती. "त्यानं मला सांगितलं होतं, भागीबाई. मीच परत पाठवला."

तिचं सूप थांबलं नाही. "ठावं हाय. पयल्याच दिशी बोलला तो माझ्यापाशी. मीच म्हनलं, नाय सांगितलं म्हन. मास्तरला घरी बसवून माझं काय भागनार? मनाला खात राहील तवर मास्तर येत राहील."

मग सूप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "आज बोलून मोकळं झालात. म्हंजी आता नाय येनार तुमी."

येईन, एवढंच म्हणायचं होतं. जीप सुटेपर्यंत म्हणता आलं नाही.