बायडाला ऐकू गेलेलं

१२ जानेवारी १९७३
वडवणीच्या अलीकडं सहकारी सोसायटीनं जनावरांची छावणी उघडलीय, तिथं आज दाखल झालो. चेअरमन सुंदरराव "चला, अर्जुनबुवा" म्हणत स्वतः जीप घेऊन आले. दुष्काळानं माणसं खचलीत, संध्याकाळी दोन अभंग कानावर पडले तर बरं, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतंत्र खोपी, पेटीला लाकडी पाट, वर मान. गेवराईकडं माझ्याइतकी भजनं कुणाला पाठ नाहीत, हे इथंही पोचलेलं दिसतं. पहिल्याच दिवशी सगळी छावणी लोटली. बरं वाटलं.

१५ जानेवारी
मेंढ्या घेऊन आलेल्या दगडाबाईची एक लेक आहे, बायडा. चांगली पंचविशीची, पण भाकरी मोडून द्यावी लागते, विचारलं तर बोलत नाही. आज माझं भजन संपलं आणि तिनं ते जसंच्या तसं परत म्हटलं. एकदाच ऐकून. माझा श्वास जिथं तुटतो तिथं तिचाही तुटला. सगळ्यांबरोबर मीही वाहवा केली. मग बाया तिच्याभोवती जाऊन बसल्या. माझ्याजवळ पेटी तेवढी राहिली.

२० जानेवारी
ज्या पदासाठी मी गुरूच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरलं, ते तिला फुकटात. लोक आता माझं कधी संपतंय याची वाट बघतात. पण डोकं माणसाचंच ना? कुठंतरी भरेलच. सकाळपासून तिच्यापुढं बसतो. गौळणी, भारुडं, आरत्या, सगळं ओततो. एकदा तरी चुकू दे. दगडाबाईनं हात जोडले. "बुवा, तिच्याम्होरं समदं नगा गाऊ. तिनं घेतलेलं माघारी येत न्हाई."
मी हसलो.

२४ जानेवारी
ती चुकत नाही. आज गुरूंचं पद धरलं आणि पहिली ओळच सापडेना. बोटं पेटीवर नुसती ठेवलेली. बायडानं अख्खं पद म्हटलं. घसा बसलाय, असं मी लोकांना सांगितलं.

२७ जानेवारी
काल तिच्यापुढं गायलेल्यातलं आज एकही उरलं नाही. थांबायला हवं. पण ती समोर येऊन बसते, तोंड किंचित उघडं, आणि वाटतं, एवढ्यानं तरी भरेल. आज आईची जात्यावरची ओवी काढली. जगात मला एकट्यालाच येणारी. तिनं परत म्हटली. माझ्या आवाजात नाही— आईच्या.
पुढचं कडवं मी विसरलो होतो. तेही म्हटलं.

२९ जानेवारी
आईचा चेहरा आठवत नाही. पदर आठवतो— रंग नाही. दगडाबाईला म्हणालो, हिला घेऊन जा. ती रडायला लागली. "कशी नेऊ, बुवा? तुमच्याजवळनं उठतच न्हाई."

३० जानेवारी
जीप आली. आतल्या माणसानं "अर्जुनबुवा!" म्हणून कुणाला तरी हाक मारली. मी बसून राहिलो. बायडानं ओ दिली. आवाज माझा. तो माणूस माझ्याकडं बघत—

तारीख—
हेवा अजून आहे. तेवढा तिनं घेतला नाही. माझी आई तिच्याकडं आहे, माझ्याकडं नाही.
तिच्या पाया पडलो. आईचं नाव सांग म्हणालो. सांगितलं. डोक्यातनं जायच्या आत लिहितो. माझ्या आईचं नाव