तोंडानं सांगत चालव

बाबा, तुमच्या मुलानं गाडीची किल्ली मला दिली. इटलीच्या दक्षिण टोकाजवळचा अरुंद रस्ता होता, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या दगडी भिंती आणि त्यांच्यामागे ऑलिव्हची झाडं. दुपार होती. "तू चालव," एवढंच म्हणाला आणि पलीकडून फिरून माझ्या जागेवर येऊन बसला. तुम्ही असतात तर पहिल्यांदा विचारलं असतंत, कुणाला लागलं का. कुणाला लागलं नाही. आता आम्ही ब्राउनश्वाइगला घरी आहोत, तो आत झोपलाय, दुपारचं झोपायची सवय त्याला नवीन लागली आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. सासऱ्यांना पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा फोन होता.

हिवाळ्याच्या शेवटी तो वाचायचा चष्मा बदलायला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला दाब मोजला, परत मोजला, आणि मग त्याला एका यंत्रात डोकं घालून बसवलं. आत प्रकाशाचे ठिपके उमटतात, दिसला ठिपका की बटण दाबायचं. उजवीकडचे बरेचसे ठिपके त्याच्या लेखी उमटलेच नव्हते. काचबिंदू. मधलं स्वच्छ दिसतं, कडा जातात, आणि गेल्या आहेत हे माणसाला कळत नाही, कारण मेंदू तिथं काहीतरी भरून घेतो. गेलेलं परत येत नाही. थेंब घातले तर उरलेलं राखता येतं. बाईंनी सांगितलं की गाडी चालवणं आता थांबवा. इथं तुमचा फ्यूररशाइन, म्हणजे लायसन्स, काढून घ्यायला कुणी दारात येत नाही. सांगतात, आणि बाकीचं माणसाच्या शहाणपणावर सोडतात. तुमचा मुलगा गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे शहाणपण आहेच असं सगळे धरून चालतात. तो बाईंना म्हणाला, "आल्झो, बरं तर, सुट्टीनंतर बघू."

ही सुट्टी जुनी होती. आमची मुलगी शाळेत होती तेव्हापासून तो म्हणायचा, एकदा समुद्राच्या कडेकडेनं खाली जायचं, जिथं रस्ता संपतो तिथपर्यंत. मुलगी आता बॉनला शिकते, तेव्हा दोघंच निघायचं ठरलं. मी म्हटलं, आलटून पालटून चालवू. तो म्हणाला, "लांबचं मी चालवतो ना." आमच्या घरात हा नियम कधी झाला ते आठवत नाही. दुकान, शाळा, दवाखाना माझ्याकडे; गाव बदलणार असलं की तो. त्यावर मी वाद घातला नाही, आणि आम्ही निघालो.

तुम्हाला मार्केट यार्डामागचं मैदान आठवत असेल. लग्नानंतर तो पुढे जर्मनीला गेलेला, माझा व्हिसा अडकलेला, आणि मी सांगलीला तुमच्याकडे. एका संध्याकाळी तुम्ही पांढऱ्या गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवलीत. म्हणालात, "चल, तुला शिकवतो." आई पायरीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोराला क्लास लावला आणि सुनेला स्वतः शिकवणार का? दोन चाकं तरी परत आणा." तुम्ही शेजारी बसता, एक हात हॅंडब्रेकवर, बाहेर नजर. मी गाडी बंद पाडते, चालू करते, बंद पाडते. तुम्ही रागावत नाही. फक्त एका गोष्टीला रागावता. मी गप्प राहिले की.

"काय आलं?"

"काही नाही बाबा."

"काही नाही कसं? उजव्या हाताला काय आहे?"

"सायकलवाला."

"मग सांग की. समोरचं काय, सगळ्यांनाच दिसतंय. बाजूनं काय येतंय ते तोंडानं सांगत चालव."

मी तोंडानं सांगत चालवते. डावीकडे हातगाडी. उजवीकडे दोन म्हशी. डावीकडून शाळेची मुलं. हरिपूरच्या रस्त्यावर चिंचेच्या झाडांखालून मी समालोचन करत गाडी नेते आणि तुम्ही मान हलवत ऐकता. एकदा मी मुद्दाम म्हटलं, उजवीकडे हत्ती. तुम्ही चटकन मान वळवून बघितलंत. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं, चेष्टा आवडली नाही.

मला तुमचा अभिमान वाटायचा. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना सांगायचे, सासरे गाडी शिकवतात. त्या म्हणायच्या, नशीबवान आहेस. त्याच सुमारास तुम्ही स्कूटर विकलीत. गुडघा दुखतो म्हणालात. तुमच्या फ्रिजच्या दारात लिंबांशेजारी एक छोटी बाटली असायची. मी विचारलं तर म्हणालात, डोळे कोरडे पडतात.

आल्प्स ओलांडताना मी बोलायला लागले. ठरवून नाही. उजवीकडून ट्रक येतोय, उजवीकडे मोटरसायकल. पहिल्या दिवशी त्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी, नॅव्ही म्हणजे रस्ता सांगणारं यंत्र चालू होतं, तेव्हा म्हणाला, "नॅव्हीतली बाई बोलते, तू बोलतेस. दोघींपैकी कुणाचं ऐकू ते तरी ठरवा." मी हसले, आणि बोलत राहिले. समुद्र दिसायला लागला तेव्हा त्यानं नॅव्ही बंद केली आणि म्हणाला, "आता तूही." मग मी गप्प झाले. मुलगी रोज फोन करायची. मी मराठीत बोलते, ती जर्मनमधून उत्तर देते, हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्यावर आमची टिंगल करायचात. ती पहिल्यांदा एकच विचारायची, "आई, वेर फेर्ट?" कोण चालवतंय. मी सांगायचे, तुझे बाबा. मग ती समुद्राचे फोटो मागायची.

फोटो आहेत. पांढरी गावं, वाळत घातलेले कपडे, बंदरात जाळी शिवत बसलेली माणसं, खडकांवर टॉवेल पसरून पडलेली कुटुंबं. आतल्या बाजूला शिरलं की वेगळंच. मैलोन्मैल ऑलिव्हची झाडं वाळून उभी. काहीतरी रोग येऊन गेला म्हणे. एकेक खोड आपल्या घराच्या दारात मावणार नाही इतकं जाड, आणि वर एक हिरवं पान नाही. त्यानं त्यातल्या एका झाडाजवळ गाडी थांबवली, खाली उतरून खोडाला हात लावला. आम्ही नेहमीसारखे प्रवासी होतो. पाव, टोमॅटो, मी घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. शेतावरच्या ज्या घरात आम्ही उतरलो होतो त्या बाईंनी चटणी चाखून पाहिली आणि डबा आपल्याकडे ओढून घेतला. तुमचा मुलगा म्हणाला, "बघ, सांगलीची चटणी पोचली." तो खुशीत होता. ते मला नोंदवायचं आहे. तो गाडी चालवत होता आणि खुशीत होता.

त्या दुपारी, त्या अरुंद रस्त्यावर, एक टेम्पो उजवीकडून आला. आपल्याकडे भाजी वाहतात तसाच तीनचाकी, तसाच आवाज करणारा. झाडांमधल्या कच्च्या वाटेवरून, भिंतीतल्या फटीतून थेट रस्त्यावर. मागे कलिंगडं रचलेली. मी म्हटलं, "उजवीकडे." तुमच्या मुलानं ब्रेक मारला. मी त्याच्याकडे बघत होते, बाबा, टेम्पोकडे नाही. त्यानं मान वळवली नव्हती. त्यानं न बघता ब्रेक मारला, शब्दावर. टेम्पोही थांबला. दोन्ही गाड्यांमध्ये हातभर अंतर राहिलं आणि मागची फळी उघडून कलिंगडं रस्त्यावर आली.

टेम्पोवाला म्हातारा होता. उतरला, इटालियनमध्ये बरंच काही बोलला, मग आमच्या नंबरप्लेटकडे बघून बोलणं थांबवलं. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि तीच तुमच्या मुलाकडे रोखली. तुमचा मुलगा म्हणाला, सॉरी, सॉरी. आम्ही तिघं कलिंगडं गोळा करायला लागलो. एक कलिंगड आमच्याच पुढच्या चाकाशी घरंगळत येऊन थांबलं होतं. तुमचा मुलगा त्याच्या शेजारून गेला, परत आला, परत गेला. ते त्याच्या उजव्या पायाशी होतं. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जाऊन ते उचललं.

"हे कुठं होतं?" त्यानं विचारलं.

"इथं."

"इथं कुठं?"

"तुझ्या पायाशी."

तो चाकाकडे बघत राहिला. म्हाताऱ्यानं एक फुटकं कलिंगड आमच्या बॉनेटवर ठेवलं, आता ते कोण विकत घेणार, आणि टेम्पो घेऊन निघून गेला. आम्ही ते उभ्यानं खाल्लं. गोड होतं. तुमच्या मुलानं पाण्याच्या बाटलीनं हात धुतले, रुमालाला पुसले, आणि किल्ली खिशातून काढली.

मी चालवायला लागले. बाहेर समुद्र डाव्या हाताला आला. आणि मी बोलायला लागले. उजवीकडे भिंत. डावीकडे सायकलवाली बाई. उजवीकडून गल्ली, मोकळी आहे. पुढे कुत्रं, बसलेलं.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला.

"मी असंच चालवते. बाबांनी असंच शिकवलं. तोंडानं सांगत."

"इतकी वर्षं कधी ऐकलं नाही."

"तू शेजारी कधी बसलास?"

रस्ता खाली उतरून पुन्हा वर चढला. मग त्यानं विचारलं, "बाबांना दिसत नव्हतं का गं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. तेव्हा ते खरं होतं.

घरी परत येईपर्यंत सगळा रस्ता गाडी मीच चालवली. रस्ता जिथं संपतो तिथपर्यंत गेलो, तिथं एक पांढरा दीपस्तंभ आहे आणि आइस्क्रीमची गाडी, आणि तिथून वळून दोन देश ओलांडून ब्राउनश्वाइग. आल्यावर एका सकाळी, तो ऑफिसला गेल्यावर, मी आईंना फोन केला. तो आता ट्रामनं जातो आणि पुढे ट्रेननं. आईंना ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं लागतं.

"आई, बाबांना काचबिंदू होता?"

"होता की. तुमचं लग्न ठरलं त्याच सुमाराला कळलं. स्कूटर घेऊन पडले होते."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"कुणाला सांगू नको म्हणाले. डॉक्टर म्हणाले होते, मुलाचे पण डोळे दरवर्षी बघून घ्या, घराण्यात येतं. हे म्हणाले, तो परदेशी निघालाय, नवा संसार, त्याला कशाला आत्ताच घोर. आणि मला म्हणाले, काळजी करू नको, सुनेला गाडी शिकवून ठेवतो."

आईंना वाटलं फोन कटला. "हॅलो, हॅलो," करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला झालं का गं?"

मी हो म्हटलं.

"थेंब घालतो ना?"

"घालतो."

"ह्यांना मी घालायची," त्या म्हणाल्या. "स्वतःचा हात चुकायचा."

तर एवढं मला कळलं आहे. तुम्ही मला शिकवत होतात तेव्हा तुम्हाला बाजूचं दिसत नव्हतं, हत्ती नाही आणि म्हैसही नाही, आणि तरी तुम्ही शेजारी बसत होतात. तुम्हाला सांगायची एक गोष्ट होती आणि ती सांगण्याऐवजी तुम्ही मला क्लच शिकवलात. त्याला दरवर्षी तपासायला सांगितलं असतंत तर थेंब कधीच सुरू झाले असते. किती वाचलं असतं हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत, खांदे उडवतात. मी तुमच्या बाजूनंही विचार करून पाहिला. तुमच्या वेळेला मुलाला काही सांगायचं नसलं की बाप काहीतरी व्यवस्था करून ठेवायचा. घर बांधायचा, विमा उतरवायचा. तुम्ही सून तयार केलीत. व्यवस्था चोख होती, हे मला मान्य करावं लागतं.

मुलीला मी सांगितलं. तुमच्यासारखं केलं नाही. ती बॉनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली, दाब ठीक आहे, दरवर्षी जायचं. तिनं विचारलं, आजोबांना होतं? जर्मनमध्ये विचारलं, पण "आजोबा" मराठीत. मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग बाबांना कुणी कसं सांगितलं नाही? मी म्हटलं, ते मी त्यांना विचारणार आहे. हे तेच विचारणं.

डॉक्टरांनी तुम्हाला काय बजावलं होतं ते तुमच्या मुलाला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला काचबिंदू होता एवढंच मी त्याला सांगितलं आहे, आणि त्यावरून तो तुमच्याबद्दल हळवा झाला आहे. परवा थेंब घालून डोळे मिटून बसला असताना म्हणाला, "बाबा एकटेच सहन करत राहिले." मी बाटलीला झाकण लावून ती फ्रिजच्या दारात ठेवली. सांगेन. मुलीला माहीत आहे म्हणजे त्यालाही कळायलाच हवं, आणि ते माझ्याकडून कळायला हवं. रविवारी आम्ही गाडीनं हार्त्सच्या डोंगरात जाणार आहोत. मी चालवीन, तो माझ्या उजवीकडे असेल. गाडीत समोर बघत बोललं तर बरं पडेल असं वाटतं.

हे पत्र कुठं पाठवायचा प्रश्न नाही. टेबलाच्या खणात ठेवलं तर त्याच्या हाती लागेल, आणि ते असं कळायला नको. फाडून टाकीन.

तुमचा राग यायला हवा, आणि तो येतो. फक्त एक गोष्ट त्यात बसत नाही. त्या दुपारी तो शेजारी बसलेला, त्याच्या हातांना अजून कलिंगडाचा वास, मला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. पण वळण संपलं, पुढचा रस्ता सरळ आणि रिकामा निघाला, डावीकडे समुद्र, उजवीकडे काही नाही, आणि मी गियर बदलून गाडी सोडली. "उजवीकडे काही नाही," मी म्हटलं, मोठ्यानं. मला फार बरं वाटलं, बाबा. तेही त्याला सांगितलेलं नाही.